बाकावरचा बाप

इतिहास लिहिणाऱ्या मंडळींचं एक मला पटत नाही. लढाई कोणी जिंकली, तहात किती किल्ले गेले, राजाच्या घोड्याचा रंग कोणता, हे ते अगदी बारकाईने सांगतात. पण लढाई चालू असताना सामानाजवळ कोण बसलं होतं, हे विचारलंत तर घसा खाकरून पान उलटतात. पानिपतावर १७६१ साली आपल्या फौजेबरोबर बुणग्यांचं मोठं लटांबर होतं, असं आम्हाला शाळेत शिकवलं. वर 'पराभवाची कारणे' ह्या प्रश्नात त्या बिचाऱ्यांना दोन मार्कांपुरतं उभं केलं. त्यांची बाजू ऐकून घ्यायला मात्र कोणी गेलं नाही.

घरची माणसं, मित्रांची माणसं आणि सगळ्यांची लहान पोरं घेऊन करमणुकीच्या बागेवर (हल्ली तिला थीम पार्क म्हणतात) जी मोहीम निघते, तिच्यातही एक तरी बुणगा असतोच. पोरं पाळण्यात असतात, त्यांच्या आया पोरांचे फोटो काढण्यात असतात आणि हा एका बाकावर असतो. उजवीकडे चार पिशव्या, डावीकडे पाण्याच्या बाटल्या, मांडीवर कोणाची तरी बाहुली आणि हातात कोणाचा तरी डावा बूट. ह्या माणसाला इतिहासात जागा नाही. ती मिळवून द्यावी एवढ्याच हेतूने मी हे टिपण लिहायला घेतलं. मी बँकेतला कारकून. दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब ठेवण्याचा सराव आहे. तेव्हा दुसऱ्यांच्या मौजेचाही ठेवता येईल असं वाटलं.

जगातली सर्वांत जुनी करमणुकीची बाग डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनच्या उत्तरेला आहे. तिचं नाव बाकेन. बाकेन म्हणजे त्यांच्या भाषेत टेकडी. बाकाशी संबंध नाही, मी आधी पाहून घेतलं. सुरुवात १५८३ सालची. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून सत्तेचाळीस वर्षं अवकाश होता. तिथल्या जंगलात एक झरा सापडला आणि त्याचं पाणी गुणकारी आहे अशी बातमी पसरली. लोक पाण्याला येऊ लागले. लोक आले म्हणून खाण्यापिण्याची पालं पडली, पालं पडली म्हणून डोंबारी आले, डोंबारी आले म्हणून आणखी लोक आले. आपल्याकडे देवस्थान जागृत असलं की जत्रा भरते; तिकडे झरा जागृत निघाला, एवढाच फरक. ह्या बाकेनमध्ये आजही आत शिरायला पैसे पडत नाहीत. पाळण्यात बसाल तर त्या पाळण्याचे द्या. म्हणजे गेली चारशे चाळीस वर्षं तिथल्या बाकावरच्या बापाकडे फाटकावर कोणी दमडी मागितलेली नाही. ह्याला मी संस्कृती म्हणतो.

पण सगळेच काही डेन्मार्कचे नसतात. लंडनमध्ये व्हॉक्सहॉल नावाची बाग होती. सतराव्या शतकात सुरू झाली आणि अठराव्या शतकात फार फॅशनेबल झाली. झाडांना दिवे टांगलेले, वाद्यवृंद वाजतोय, सरदार-दरकदार फिरताहेत आणि एक शिलिंग दिला की त्यांच्या मागून कारकूनही फिरतोय. आता शिलिंग दिल्यावर माणूस म्हणतो, आत खर्च नाही. तिथेच तर मेख! फिरून फिरून भूक लागते, आणि खायला मिळायचे ते डुकराच्या मांसाचे काप. ते इतके पातळ असत, की त्यांच्यातून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येतं अशी थट्टा लंडनभर चाले. कापणारा इतका तरबेज, की एका मांडीच्या मांसाने अख्खी बाग झाकून दाखवील, असंही म्हणत. ती बाग १८५९ साली बंद झाली. कला मात्र मेली नाही. आजही कुठल्याही करमणुकीच्या बागेत सँडविच घ्या आणि त्यातली काकडी उजेडात धरून पाहा. पलीकडे तुमची सौभाग्यवती स्वच्छ दिसेल. आणि तिच्या चेहऱ्यावर 'तरी मी म्हणत होते, डबा घेऊ या' हे वाक्यही.

पुढे १८४३ साली कोपनहेगनमध्येच टिव्होली नावाची दुसरी बाग निघाली. ती काढणाऱ्या गृहस्थाचं नाव गेओर्ग कार्स्टेनसेन. बागेसाठी जागा हवी होती ती शहराच्या तटबंदीजवळची, आणि त्यासाठी राजाची परवानगी हवी. आठवा क्रिस्तियान राजा काही लगेच होकार देईना. तेव्हा कार्स्टेनसेनने त्याला सांगितलं म्हणतात, की महाराज, लोक मौजेत असले म्हणजे राजकारणाचा विचार करत नाहीत. परवानगी मिळाली! ह्या युक्तिवादात तथ्य किती, ते मी सांगू शकत नाही. पण दोन पोरांना एकाच वेळी लघवीला लागलेली असताना कोणालाही सरकार उलथवण्याचा विचार सुचणार नाही, एवढं मी अनुभवाने सांगतो.

आता पाळण्याकडे येऊ. १८९३ साली अमेरिकेत शिकागोला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, हे आपल्याला पाठ असतं. पण त्याच प्रदर्शनात जॉर्ज फेरिस नावाच्या इंजिनियराने २६४ फूट उंचीचा पोलादी आकाशपाळणा उभा केला होता, हे पाठ्यपुस्तकात नसतं. त्याला छत्तीस डबे आणि प्रत्येक डब्यात साठ माणसं. म्हणजे एका वेळी २१६० माणसं अधांतरी! आमची गल्ली, शेजारची गल्ली आणि दोन्हीकडचे पाहुणे मावून वर जागा उरली असती. फेरीचे पैसे पन्नास सेंट. गंमत अशी, की सबंध प्रदर्शनाचं प्रवेशशुल्कही पन्नास सेंटच. म्हणजे सगळी दुनिया पाहायचे जेवढे, तेवढेच वीस मिनिटं हवेत लटकायचे. लोकांनी आनंदाने दिले. फेरिसच्या पदरात मात्र फार काही पडलं नाही. पैशांचे वाद आणि कज्जे मागे ठेवून तो १८९६ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी गेला. त्याचा पाळणा १९०६ साली सुरुंग लावून पाडला. लोकांना वर नेणारा माणूस स्वतः वर जाईलच असं नसतं, हा धडा मी बढतीच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांना नेहमी देतो.

तोच पाळणा पाहायला जॉर्ज टिल्यू नावाचा न्यूयॉर्ककडचा एक इसम नव्या बायकोला घेऊन गेला होता. त्याला तो पाळणाच विकत हवा होता. मिळाला नाही. मग त्याने जवळजवळ निम्म्या आकाराचा दुसरा सांगितला आणि तो येण्याआधीच कोनी आयलंडच्या वाळूत पाटी ठोकली, की जगातला सर्वांत मोठा आकाशपाळणा इथे उभा राहणार आहे! ह्याच टिल्यूने १८९७ साली स्टीपलचेस पार्क काढलं आणि पंचवीस सेंटांत आतले सगळे खेळ, असं एकत्रित तिकीट ठेवलं. पुढे १९०७ साली ते पार्क आगीत जळून खाक झालं. दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. टिल्यूने दुसऱ्या दिवशी पाटी लावली, 'जळके अवशेष पाहण्यास प्रवेश दहा सेंट'. असा माणूस आमच्या बँकेच्या वसुली खात्यात हवा होता.

कोनी आयलंड हे मात्र खरं गरिबांचं. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे १९२० च्या सुमाराला तिथवर पोचली आणि पाच सेंटांत गिरणीकामगार, शिंपी, हमाल सगळे पोराबाळांसकट समुद्रावर येऊ लागले. पाच सेंटांत प्रवास, पाच सेंटांत सॉसेज घातलेला पाव. समुद्र फुकट. ज्याच्याकडे जेवढी नाणी, त्याने तेवढ्या पाळण्यांत बसावं. नाणी संपली की वाळूत बसून दुसऱ्यांच्या किंकाळ्या ऐकाव्यात. बाकावरच्या बापाचा हा सुवर्णकाळ.

आता मुख्य प्रकरण. लॉस एंजेलिसमध्ये ग्रिफिथ पार्क नावाची बाग आहे. तिथे एक लाकडी घोड्यांचा चक्रपाळणा. शनिवारी एक गृहस्थ आपल्या दोन मुलींना तिथे आणत. मुली घोड्यावर, आणि हे बाकावर, शेंगदाणे खात. बसून बसून त्यांच्या मनात आलं, की पोरांनी मौज करायची आणि बापाने नुसतं बसून राहायचं, हे काही खरं नाही. आईबाप आणि मुलं, दोघांनाही एकत्र मजा येईल अशी जागा हवी. हे गृहस्थ म्हणजे वॉल्ट डिस्ने. तुम्हीआम्ही त्या बाकावर बसलो असतो तर फार तर शेंगदाण्यांना वास येतोय म्हणून भांडलो असतो. ह्यांनी आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज उचललं, टेलिव्हिजन कंपनीला भागीदार केलं, वाटेत कोपनहेगनचं टिव्होलीही पाहून घेतलं आणि १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडलं. आज जिला थीम पार्क म्हणतात त्या प्रकाराचा मूळपुरुष हा असा बाकावरचा बापच आहे. आमच्या पंथाचा हा आद्य आचार्य.

उद्घाटनाचा दिवस म्हणजे आपल्याकडच्या लग्नासारखाच. बोलावलेल्यांपेक्षा आलेले कितीतरी जास्त, कारण लोकांनी खोटी आमंत्रणं छापून घेतली होती. कोणी एकाने कुंपणाला शिडी लावून माणशी पाच डॉलर घेतले असंही सांगतात. ताज्या डांबरात बायकांच्या बुटांच्या टाचा रुतल्या. नळवाल्यांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ आणि संडास ह्यांतलं एकच वेळेवर होणार होतं. डिस्नेने संडास निवडले. प्यायला पाणी नाही म्हणून लोकांनी शिव्या दिल्या. पण लहान मुलं घेऊन हिंडलेला कोणताही बाप सांगेल की माणूस शहाणा होता.

आता माझ्या खात्याचा विषय, म्हणजे तिकीट. सुरुवातीला डिस्नेलँडमध्ये फाटकावर मोठ्यांना एक डॉलर, लहानांना अर्धा. पाळण्यांचे पैसे वेगळे. त्याच वर्षी कुपनांची पुस्तकं निघाली. ए, बी, सी अशी प्रतवारी. पुढे डी, आणि १९५९ साली ई. 'ए' म्हणजे साधी घोड्याची ट्रॅम, 'ई' म्हणजे पोटात गोळा आणणारे प्रकार. ई कुपनं पहिल्या तासात संपत आणि ए कुपनं घराघरांतल्या खणांत वर्षानुवर्षं पडून राहत, दुधाच्या पिशव्या आणि लग्नपत्रिकांचे कोरे पाठ राहतात तशी. १९८२ साली ही पुस्तकं बंद झाली आणि एकच तिकीट आलं. फाटकावर सगळे पैसे एकदम द्या, मग आत हवं तितकं बसा. टिल्यूचीच युक्ती, मोठ्या अंकांत.

वरवर पाहता हे स्वस्त. मुलांच्या बापाला तर वरदान, कारण 'बाबा, अजून एकदा' ह्या वाक्याची किंमत शून्य झाली. पण हिशेब बारकाईने पाहा. जो काहीच करत नाही, नुसता बघत बसतो, त्याचं तिकीटही आता भरगच्च झालं. बापाला बाकावरून उठवण्यासाठी निघालेल्या ह्या प्रकाराने बापाला उठवलं नाहीच. बाकाचे पैसे तेवढे लावले.

आपल्याकडे हा सगळा कारभार पूर्वी जत्रेवर सोपवलेला होता. हाताने फिरवायचा चार पेट्यांचा लाकडी पाळणा, लांब-आखूड दाखवणारे आरसे, मौत का कुआँ. मुंबईत माहीमचा उरूस आणि माउंट मेरीची जत्रा. मलबार हिलवर म्हातारीचा बूट होता आणि त्यात शिरून खिडकीतून हात हलवायचा असे. पुण्यात पेशवे पार्कात १९५६ साली फुलराणी सुरू झाली. डिस्नेलँडच्या मागोमाग वर्षभरात! तिकडे त्यांनी अख्खी दुनिया उभी केली. आपण एक छोटी आगगाडी सोडली आणि तिच्यावर पिढ्याच्या पिढ्या वाढवल्या. १९८४ साली दिल्लीत अप्पू घर निघालं. १९८२ च्या एशियाडचा जो छोटा हत्ती, त्याचंच नाव बागेला. ते २००८ साली बंद झालं. १९८९ मध्ये मुंबईला गोराईच्या बाजूला एस्सेल वर्ल्ड आलं. लाँचमधून खाडी ओलांडून जायचं. घरी परत जाणारच नाही असं गाणाऱ्या त्या जाहिरातीने आमच्या पिढीच्या आईबापांना जेवढं छळलं, तेवढं महागाईनेही छळलं नसेल. आता तिथलेही पाळणे थांबले. २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका झालं. सरकारनेही ह्या मौजेत भाग घेतला. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा अशा बागांच्या तिकिटावर २८ टक्के होता. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ वर आणला. म्हणजे किंकाळी जर शंभराची, तर सरकारची अठराची.

ह्या नव्या बागांनी मराठी मध्यमवर्गाचं एक फार जुनं शस्त्र निकामी केलं. एस.टी.त आणि रेल्वेत अर्धं तिकीट वयावर असतं. त्यामुळे आपल्याकडे कित्येक मुलं तीन-तीन वर्षं अकरा वर्षांची राहिलेली आहेत. मिशा फुटल्या तरी 'बारा पुरं नाही हो, घराणंच थोराड आहे' असं कंडक्टरला सांगता येई. करमणुकीच्या बागा मात्र वय विचारतच नाहीत. फाटकावर रंगवलेली एक उंचीची पट्टी असते. पाठ टेकून उभं राहायचं. अमुक उंचीच्या खाली फुकट, तमुक उंचीपर्यंत लहान, त्यावर मोठा. वय लपवता येतं. उंची कुठे लपवणार?

आणि इथे बापलेकांत हितसंबंधांची टक्कर होते. फाटकावर बापाला वाटतं पोर बुटकं असावं. आत मोठ्या पाळण्यापाशीही अशीच पट्टी असते, आणि तिथे अमुक उंची नसेल तर बसू देत नाहीत. म्हणून पोराला वाटतं आपण ताडमाड असावं. सकाळी 'जरा वाक की' म्हणून खांदा दाबणारा बाप दुपारी त्याच पोराला 'टाचा उचल' सांगताना मी पाहिला आहे.

आमची मोहीम निघाली ती तीन घरांची. कुठल्या बागेत, ते महत्त्वाचं नाही. आम्ही तिघे शाळेपासूनचे मित्र. एक मी, एक विम्याच्या कंपनीत, एक छापखान्यात. मुलं एकूण पाच, तीन ते नऊ वर्षांची; शिवाय छापखानेवाल्याची आई, म्हणजे आमच्या काकू. एकदम एवढे पैसे काढायची कोणाचीच तयारी नव्हती, म्हणून विमेवाल्याने भिशी सुचवली. घरटी महिना पाचशे, दहा महिने. पंधरा हजारांत तिकिटं आणि गाडी बसवायची. दिवस आठवड्याच्या मधला धरायचा, कारण गटाने तिकिटं काढली तर सवलत. डबा गाडीत ठेवायचा आणि फाटकात शिरण्याआधी झाडाखाली बसून संपवायचा; पोटात घालून नेलेलं अन्न कोणी जप्त करत नाही. आणि नियम एकच, भिशीत उधारी नाही. डबा माझ्याकडे. बँकेत नोकरी म्हणजे ह्या कामावर नेमणूक आपोआप होते.

सहा महिने सुरळीत गेले. सातव्या महिन्यात छापखान्यात पगार झाला नाही. आठव्यातही नाही. मित्राने हप्त्याचा विषय काढला नाही. आम्हीही काढला नाही. एका संध्याकाळी तो आमच्याकडे आला, चहा प्याला आणि कपाकडे बघत म्हणाला, "अरे, तुम्ही मंडळी जाऊन या. हिला, पोरीला आणि आईला घेऊन जा. माझे सहा महिने आहेत त्यात त्यांचं बसेल. मला काय, ते गरगर फिरणं सोसत नाही. चक्कर येते."

चक्कर! आठवीत असताना शाळेच्या पाण्याच्या टाकीवर चढून, एका पायावर उभं राहून हेडमास्तरांची नक्कल करणारा हा गडी. विमेवाला म्हणाला, "मी भरतो रे तुझे, मग दे." तो हसला आणि म्हणाला, "उधारी नाही हा नियम कुणाचा?" नियम विमेवाल्याचाच होता. मी हिशेबी माणूस. म्हटलं, सस्पेन्स खात्यात टाकू. बँकेत ज्या रकमेचं काय करायचं ते कळत नाही ती सस्पेन्स खात्यात जाते आणि तिथे वर्षानुवर्षं सुखाने राहते. तो म्हणाला, "पैसे टाकशील. मला कुठल्या खात्यात टाकणार?" ह्यावर बँकिंगच्या कुठल्याच पुस्तकात उत्तर नाही. तीस-पस्तीस वर्षांची मैत्री हजार रुपयांवर येऊन अडकली होती, आणि तिघांपैकी कोणालाच धक्का द्यायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू स्वतः आल्या. पिशवीतून हळदीकुंकवाचा करंडा काढला, त्याच्या तळातून पाचशेच्या दोन नोटा काढल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. इतक्या घट्ट घडीच्या, की मोजण्याआधी त्यांना इस्त्री करावी असं वाटलं.

"त्याचे दोन महिने धर," त्या म्हणाल्या.

"काकू, अहो, तो म्हणतो त्याला चक्कर येते."

"कसली चक्कर! सात वर्षांचा होता तेव्हा जत्रेत पाळण्यासाठी धुळीत लोळला होता. माझ्या कनवटीला एस.टी.पुरते पैसे होते. नाही बसवलं मी. तेव्हाची बाकी आहे ती, असं सांग त्याला. आईचे पैसे आहेत, त्यात उधारी कुठे आली?"

मी पावती फाडली. अडतीस वर्षं थकलेली बाकी अशी एका सकाळी वसूल होताना मी आमच्या खात्यात पाहिलेली नाही. मित्राला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "व्याज नाही ना लावलं तिने?" म्हणजे येणार होता.

पुढचा दिवस तुम्ही कल्पनेने पाहू शकाल. झाडाखाली दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी झाली. विमेवाल्याच्या मुलाचे केस उभे राहतात. त्याच्या बापाने ते पट्टीपाशी तळहाताने दाबून धरले. बुकिंगवाल्याने शांतपणे बूट काढायला लावले, आणि पोरगा दोन इंच खाली आला. बाकावरच्या बापाच्या हातात डावा बूट कुठून येतो, हे इतिहासकारांना पडलेलं कोडं असेल तर ते असं सुटतं. आमची थोरली मात्र मान ताठ करून उभी राहिली आणि बोटभर फरकाने मोठ्या माणसांत गेली. पैसे जास्त पडले. पण ती दिवसभर अशा रुबाबात हिंडली, की बढती मिळालेला हेडक्लार्कही तसा हिंडत नाही.

काकूंचं तिकीट ज्येष्ठ नागरिकांचं. त्या कुठल्याही पाळण्यात बसल्या नाहीत. पिशव्या मधे घेऊन त्या आणि मी बाकावर. मी सवयीने हिशेब मांडला. पोरांना प्रत्येक फेरी किती रुपयांना पडली, ते फेऱ्या वाढतील तसं उतरत होतं. काकूंच्या फेऱ्या शून्य. शून्याने भागता येत नाही हे कॉमर्सलाही मान्य आहे; मी पेन खिशाला लावलं.

समोरच्या मोठ्या पाळण्यात छापखानेवाला आणि त्याची मुलगी. पहिल्या फेरीला तो गप्प होता, दुसऱ्या फेरीला ओरडला, तिसऱ्या फेरीला मुलगीच त्याला गप्प बसवत होती. आणि प्रत्येक वेळी आमच्यासमोरून जाताना दोघं खाली बघत, आणि काकू खांद्यापासून अख्खा हात हलवत. त्यांच्यासाठीच नव्हे, पुढच्या डब्यातल्या, मागच्या डब्यातल्या, कुठल्या कोणाच्या पोरांसाठीसुद्धा.

"काकू, हात दुखेल," मी म्हटलं.

"दुखू दे रे. वर बसलेल्याला खाली कोणीतरी ओळखीचं दिसायला नको? नाहीतर नुसतं गरगरणंच की ते!"

मी डाव्या बुटासकट हात वर केला.

आता इतिहासाचं राहिलेलं सांगून टाकतो. डिस्नेच्या त्या ग्रिफिथ पार्कातल्या बाकांपैकी एक बाक डिस्नेलँडमध्ये जपून ठेवला आहे. एवढा राजवाडा, एवढे डोंगर, एवढी रॉकेटं उभी केली. पण हे सगळं कुठून सुरू झालं हे दाखवायचं म्हटल्यावर त्यांना एक साधा लाकडी बाकच मांडावा लागला. फेरिसचा पाळणा गेला, व्हॉक्सहॉलचे दिवे विझले, टिल्यूचं स्टीपलचेस १९६४ साली कायमचं बंद झालं, अप्पू घराचा हत्तीही गेला. पाळणे येतात, पाळणे जातात. बाक राहतात, आणि त्यांच्यावर बुणगे बसलेले असतात. पानिपतावरच्या आमच्या पूर्वजांबद्दल पाठ्यपुस्तकात दोन मार्क आहेत, ते वाढवून निदान पाच करावेत, अशी माझी नम्र सूचना आहे.

बाकी फाटकातून आत गेल्यावर बाकावर बसण्याचे अजून वेगळे पैसे कोणी घेत नाही. खालून हात हलवणं ही सेवाही तूर्त करमुक्त आहे. ही गोष्ट मात्र जीएसटी कौन्सिलच्या कानावर कृपा करून कोणी घालू नये.